सैल गाठींचे विज्ञान

चहासाठी ठेवलेले पाणी उकळू लागते, वाफ वर जाते आणि झाकणाला आतून थेंब लागतात. या रोजच्या घटनेत काय सुटते आणि काय टिकून राहते, याचा विचार आपण सहसा करत नाही. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. पाणी कितीही उकळले तरी हे तीन अणू एकमेकांना सोडत नाहीत. एकमेकांपासून सुटतात ते शेजारी शेजारी असलेले रेणू. वाफेतही पाणी हे पाणीच असते, म्हणून तर झाकणावर त्याचे पुन्हा थेंब जमतात.

म्हणजे एका भांड्यात दोन प्रकारच्या गाठी आहेत. रेणूच्या आतली गाठ घट्ट आणि रेणू-रेणूंमधली सैल. पाण्याच्या दोन रेणूंमधली सैल गाठ सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पस्तीस पट ऊर्जा रेणूच्या आतला बंध तोडायला लागते. या सैल गाठीला शास्त्रज्ञ हायड्रोजन बंध म्हणतात. याहूनही सैल गाठी आहेत, त्यांना व्हॅन डर वाल्स बंध म्हणतात.

शाळेच्या पुस्तकात घट्ट बंधांवर मोठे धडे असतात आणि सैल बंध एखाद्या परिच्छेदात आटोपतात. आपले जगणे मात्र या सैल गाठींवर चालते. आई-वडिलांकडून मुलांकडे जाणारी आनुवंशिक माहिती ज्या डीएनएमध्ये असते, त्याचे दोन धागे हायड्रोजन बंधांनीच एकमेकांना धरून असतात. जॅकेटच्या चेनसारखी ही रचना आहे. पेशी विभागताना चेन उघडावी लागते, नंतर ती पुन्हा लागावी लागते. या गाठी घट्ट असत्या तर चेन उघडलीच नसती. आणखी सैल असत्या तर शरीराच्या उष्णतेनेच ती विस्कटली असती.

मग प्रश्न येतो तो असा : जी गाठ इतकी नाजूक की जरा धक्का लागला तर सुटेल, ती पाहायची कशी आणि मोजायची कशी? गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी त्याचे एक सुंदर उत्तर शोधले आहे. रेणूंना आधी शांत करायचे आणि मग लेसरच्या प्रकाशाने त्यांना हलकेच स्पर्श करायचा.

सुताराचा मुलगा

या कथेची सुरुवात हॉलंडमधल्या लायडन शहरात होते. योहानेस व्हॅन डर वाल्स यांचा जन्म १८३७ साली तेथील एका सुताराच्या घरी झाला. दहा भावंडांत ते थोरले. परिस्थितीमुळे ते शाळामास्तर झाले. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचे तर लॅटिन आणि ग्रीक भाषा येणे सक्तीचे होते आणि त्या त्यांना शिकता आल्या नव्हत्या. पुढे नियमात सवलत मिळाली. १८७३ साली, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

त्या काळी वायूचे रेणू म्हणजे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले ठिपके, असे मानून गणिते मांडली जात. व्हॅन डर वाल्स यांनी दाखवले की रेणूंना स्वतःचा आकार असतो आणि ते दुरून एकमेकांना थोडेसे ओढतातही. ही ओढ आहे म्हणूनच वायू थंड केला की त्याचा द्रव होतो. या कामासाठी त्यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही ओढ नेमकी कशामुळे निर्माण होते, याचा उलगडा मात्र १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी पुंजभौतिकीच्या आधारे केला.

ओढ आहे हे कळले, कारणही कळले. तरी दोनच रेणूंची एक जोडी समोर ठेवून तिचा अभ्यास करणे कोणालाच जमत नव्हते.

गर्दीतून एकांतात

अडचण दुहेरी होती. द्रवात रेणूंची प्रचंड गर्दी असते. वलीम्याच्या मांडवात दोघांची कुजबुज ऐकू येणे जसे अशक्य, तसेच ते. गर्दी टाळण्यासाठी वायू घ्यावा, तर साध्या तापमानाला वायूचे रेणू इतक्या जोराने धडकत असतात की सैल गाठ बसते न बसते तोच सुटून जाते.

यावरचा उपाय समजायला सायकल पुरेशी आहे. ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्व्हपाशी बोटाला गार लागते. दाबाखालचा वायू झटकन पसरला की थंड होतो. प्रयोगशाळेत हीच गोष्ट टोकाला नेतात. हेलियम किंवा आरगॉन वायूत अभ्यासाच्या पदार्थाचा किंचित अंश मिसळतात आणि हे मिश्रण एका बारीक छिद्रातून मोठ्या निर्वात पेटीत सोडतात. वायूचा झोत ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पुढे जातो, म्हणून त्याला सुपरसॉनिक जेट म्हणतात. या झोतात सगळे रेणू एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच वेगाने धावतात. महामार्गावर सर्व गाड्या सारख्याच वेगाने चालल्या तर त्या एकमेकींवर आदळणार नाहीत, तसेच येथे होते. बाहेरून पाहिले तर वेग भयंकर, पण आपसात जवळजवळ शांतता.

रेणूंच्या दृष्टीने या शांततेचे तापमान शून्याखाली दोनशे सत्तर अंशांच्या आसपास पोहोचते. छिद्रातून बाहेर पडतानाच्या पहिल्या क्षणी काही रेणू एकमेकांना चिकटतात, जास्तीची उष्णता शेजारचे हेलियमचे अणू घेऊन जातात आणि पुढे धक्का द्यायला कोणी उरत नाही. दोन, तीन, चार रेणूंचे छोटे छोटे गुच्छ तयार होतात आणि टिकतात.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात रिचर्ड स्मॉली, लेनर्ड व्हार्टन आणि डोनाल्ड लेव्ही यांनी या थंड झोतावर लेसर टाकून रेणूंचा अभ्यास करण्याची पद्धत उभी केली. आयोडीनच्या रेणूला चिकटलेला हेलियमचा अणूही त्यांना दिसला. हेलियम म्हणजे कोणाशीही नाते न जोडणारा वायू अशी त्याची ख्याती, पण पुरेशा थंडीत त्याचीही सैल गाठ बसली. हेच स्मॉली पुढे फुटबॉलच्या आकाराच्या कार्बन रेणूच्या शोधासाठी १९९६ च्या नोबेलचे मानकरी झाले.

लेसरच्या दोन पायऱ्या

गुच्छ तयार झाले, आता ते ओळखायचे कसे? पूर्वी अशा कामासाठी इलेक्ट्रॉनचा मारा केला जाई. पण नाजूक गुच्छाला तो हातोड्यासारखा लागतो. गुच्छ फुटतो आणि मूळ काय होते ते कळत नाही. लेसर येथे चिमट्याचे काम करतो.

फिनॉलचे उदाहरण घेऊ. पूर्वी शस्त्रक्रियेत जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल ते हेच. त्याच्या एखाद्या रेणूवर योग्य रंगाचा अतिनील लेसर टाकला, की प्रकाशाचा पहिला कण रेणूला एक पायरी वर चढवतो. दुसरा कण त्या पायरीवरून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. रेणू विद्युतभारित होतो. यालाच लेसरने केलेले आयनीभवन म्हणतात. रंग योग्य नसेल तर पहिली पायरीच चढता येत नाही आणि पुढे जवळजवळ काहीच घडत नाही. कुलूप एका विशिष्ट किल्लीनेच उघडावे, तसा हा प्रकार आहे.

एकदा विद्युतभार आला की विद्युतक्षेत्राने त्या रेणूला ढकलता येते. सर्वांना सारखाच धक्का दिला तर हलका रेणू आधी पोहोचतो आणि जड रेणू मागून. एकट्या फिनॉलचे वजन ९४ एकके, पाण्याचा एक रेणू चिकटलेल्या फिनॉलचे ११२, दोन चिकटलेल्याचे १३०. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण किती वेळाने पोहोचला हे मोजले की कोणत्या गुच्छात किती रेणू आहेत ते कळते.

आता खरी गंमत पाहा. एकट्या फिनॉलची पहिली पायरी सुमारे २७५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला आहे. पाण्याचा एकच रेणू शेजारी येऊन बसला की ती पायरी २७८ नॅनोमीटरच्या जवळ सरकते. फरक छोटा आहे, पण लेसर तो अचूक पकडतो. पायरी सरकणे हीच त्या सैल गाठीची सही. रंगावरून गाठ आणि वजनावरून संख्या, अशा दोन खुणा एकाच प्रयोगात मिळतात. तरी सावध राहावे लागते, कारण मोठा गुच्छ आयनीभवनानंतर फुटून लहान गुच्छाच्या रूपात समोर येऊ शकतो. म्हणून आणखी एक, अवरक्त प्रकाशाचा लेसर वापरून पडताळणी करतात. तो रेणूंची थरथर टिपतो आणि गुच्छाचा आकारही सांगतो.

या पद्धतीने अमेरिकेतील टिमथी झ्वायर यांच्या गटाने १९९४ साली बेंझिनच्या एका रेणूला पाण्याचे एक ते सात रेणू चिकटवून पाहिले. पाण्याचे पाच रेणू जमेपर्यंत ते कडे करून बसतात. सहावा आला की कडे मोडते आणि उंची असलेली रचना तयार होते. दोन वर्षांनी बर्कले येथील रिचर्ड सायकली यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीने दाखवले, की सुट्या पाण्याचे सहा रेणूही पिंजऱ्यासारखे बसू शकतात. ग्लासातले पाणी जसे वागते तसे का वागते, याची सुरुवात या सहा रेणूंपासून होते.

दसूकचा मुलगा

आतापर्यंत आपण गाठ पाहिली, ती स्थिर असताना. पण चेन उघडते किंवा लागते तो क्षण पाहायचा तर? त्यासाठी अत्यंत वेगवान कॅमेरा हवा. तो ज्यांनी बनवला ते मरहूम डॉ. अहमद झेवैल.

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९४६ रोजी इजिप्तमधील दमनहूर येथे झाला आणि बालपण दसूक या गावात, सिदी इब्राहिम दसूकी यांच्या प्रसिद्ध मशिदीच्या परिसरात गेले. तीन बहिणींचे ते एकुलते भाऊ. घरच्यांनी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर ‘डॉ. अहमद’ अशी पाटी लावली होती, तेव्हा ते डॉक्टरेटपासून फार दूर होते. लहानपणी लाकूड जळताना त्याचे काय होते हे पाहण्यासाठी अम्मीचा कॉफीचा स्टोव्ह आणि काचेच्या नळ्या घेऊन त्यांनी घरातच प्रयोग मांडला होता. अलेक्झांड्रिया विद्यापीठात शिक्षण झाल्यावर ते अमेरिकेला गेले. १९७४ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९७६ पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अध्यापन व संशोधन केले.

रेणूंमधले अणू हलतात ते फेमटोसेकंदांच्या हिशोबात. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक हजार अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. एक सेकंद आणि सुमारे तीन कोटी वीस लाख वर्षे यांचे जे प्रमाण, तेच एक फेमटोसेकंद आणि एक सेकंद यांचे. झेवैल यांनी इतक्या क्षणिक लेसर-झोतांनी रासायनिक क्रिया घडत असतानाच टिपल्या. पहिला झोत क्रिया सुरू करतो, दुसरा झोत किंचित उशिरा येऊन तिची स्थिती नोंदवतो. दोन झोतांमधले अंतर थोडे थोडे वाढवत गेले की चित्रपटाच्या फ्रेमसारखी मालिका मिळते. या कार्यासाठी १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला देण्यात आले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले इजिप्शियन.

सैल गाठींच्या विषयात त्यांचा एक प्रयोग महत्त्वाचा आहे. १९९५ साली झेवैल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७-अझाइंडोल या पदार्थाच्या दोन रेणूंची जोडी निवडली. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांचे दोन्ही हात धरावेत, तशी ही जोडी दोन हायड्रोजन बंधांनी जोडलेली असते. डीएनएच्या दोन धाग्यांमधल्या जोड्यांशी तिचे साम्य आहे, म्हणूनच ती निवडली. थंड झोतातल्या या जोडीला पहिल्या लेसरने ऊर्जा दिली. ऊर्जा मिळताच दोन्ही रेणू आपापला एक हायड्रोजन समोरच्याला देऊन टाकतात. दुसऱ्या लेसरने जोडीचे आयनीभवन केले आणि वजनावरून ती मोजली. गटाचा निष्कर्ष असा होता की ही अदलाबदल दोन टप्प्यांत होते : पहिला हायड्रोजन हजार फेमटोसेकंदांच्या आत सरकतो, दुसरा त्यानंतर काही हजार फेमटोसेकंदांत.

हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. दोन्ही हायड्रोजन एकाच वेळी सरकतात, असे इतर प्रयोगशाळांनी आपल्या मोजमापांवरून मांडले आणि यावर पुढे अनेक वर्षे चर्चा चालली. नोबेल विजेत्याचा निष्कर्षही पुन्हा तपासला जातो, ही विज्ञानाची रीत मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

उन्हात टिकणारी जोडी

हायड्रोजन इकडून तिकडे सरकला तर बिघडले कुठे? डीएनएमध्ये बिघडू शकते. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-ओलोव्ह लोव्दिन यांनी १९६३ साली शक्यता मांडली होती की धाग्यांमधला हायड्रोजन चुकीच्या बाजूला असताना नक्कल झाली, तर अक्षर चुकून आनुवंशिक माहितीत बदल होऊ शकतो.

दुसरा धोका उन्हाचा. सूर्याच्या अतिनील किरणांनी डीएनएचे नुकसान होते, हे आपण ऐकलेले असते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन आणि सायटोसिन ही जोडी तीन हायड्रोजन बंधांनी बांधलेली असते. ही जोडी धाग्यापासून वेगळी, थंड झोतात एकटी ठेवून लेसर आयनीभवनाने तपासण्याचे काम २००० सालापासून सुरू झाले. हे दोन रेणू एकमेकांना अनेक प्रकारे धरू शकतात. अमेरिकेतील सांता बार्बरा येथील मटान्या डी व्रीस यांच्या गटाने २००५ साली दाखवले की या अनेक रचनांपैकी जी रचना आपल्या शरीरातील डीएनएत असते, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी वागते. अतिनील ऊर्जा मिळाली की ती फार थोड्या वेळात ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते. त्यामुळे नुकसान करणारी क्रिया व्हायला अवधीच उरत नाही. इतर रचना ती ऊर्जा अधिक काळ धरून ठेवतात.

याचा अर्थ ऊन निरुपद्रवी आहे असा नाही. नुकसान होतेच, आणि ते दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीत असते. पण पहिले संरक्षण त्या तीन सैल गाठींच्या मांडणीतच आहे.

आपल्या अंगणात

हे काम फक्त परदेशात चालते असे समजू नये. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पवईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या आयसरमध्ये थंड झोत आणि लेसर वापरून सैल बंधांचा अभ्यास झालेला आहे. कुलाब्यात संजय वाटेगावकर यांच्या गटाने गंधकाच्या हायड्रोजन बंधांवर काम केले. गंधकाची पकड कमकुवत, असे पूर्वी मानले जाई. आपल्या प्रथिनांतील काही घटकांत गंधक असतो, म्हणून हा प्रश्न साधा नव्हता. प्रथिनांतील घटकांसारखे छोटे रेणू घेऊन या गटाने दाखवले की गंधक ऑक्सिजनच्या फारसा मागे नाही. आणि हायड्रोजन बंध म्हणजे नेमके काय, याची जागतिक व्याख्या २०११ साली नव्याने ठरली, तेव्हा त्या समितीचे नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे ई. अरुणन यांच्याकडे होते.

आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढ्या दोनच वाटा डोळ्यांसमोर येतात. मूलभूत विज्ञानाची वाटही खुली आहे आणि ती वाटते तेवढी खर्चिक नाही. बारावी विज्ञाननंतर आयसरची प्रवेश परीक्षा देता येते. साधी बी.एस्सी. केलेल्यांना आयआयटीची ‘जाम’ परीक्षा आहे, टाटा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. पीएच.डी.साठी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे संशोधन करणारी मुलगी घरावर ओझे तर होत नाहीच, उलट स्वतःच्या पायावर उभी असते.

घरात हमखास विचारले जाईल, ‘दोन रेणूंची गाठ मोजून उपयोग काय?’ व्हॅन डर वाल्स यांनी गाठ ओळखली तेव्हा डीएनएची रचना कोणाला ठाऊक नव्हती. स्मॉली आणि त्यांचे सहकारी हेलियम आणि आयोडीन पाहत होते तेव्हा याच पद्धतीने आनुवंशिक अक्षरांची जोडी तपासली जाईल, हे त्यांनी ठरवलेले नव्हते. उपयोग नंतर आला, प्रश्न आधी विचारावा लागला.

झेवैल यांनी अखेरच्या वर्षांत आपले नाव आणि प्रतिष्ठा इजिप्तमध्ये विज्ञाननगरी उभारण्यासाठी पणाला लावली. तिचा पायाभरणी समारंभ २००० साली झाला, पुढे काम रखडले आणि २०११ साली पुन्हा सुरू झाले. २ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. दसूकच्या घरातल्या त्या दारावर कोणीतरी पाटी लावली होती, तेव्हा मुलगा नोबेल मिळवेल हे घरच्यांना माहीत नव्हते. त्यांनी एवढेच केले, की मुलाला स्टोव्ह आणि काचेच्या नळ्या घेऊन बसू दिले.